जास्त लुमेन म्हणजे लांब उजेड?

पावसाळा जवळ आला की खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडायला जाणाऱ्यांत एक समज फिरू लागतो: "टॉर्च बदलायचा तर जास्त लुमेनचा घे, उजेड लांब जातो."

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल, हे झोत किती एकवटलाय यावर ठरतं, आणि त्याचं माप कँडेला. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा: 10,000 कँडेला म्हणजे 200 मीटर. त्या टोकाला उरतो तो जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड, म्हणून उपयोगाचं अंतर निम्मंच धरा. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट लागतो.

घरी तपासायचं तर अंधारात भिंतीपासून 5 मीटरवर टॉर्च ठेवा. भिंतीवर पडलेल्या झोताच्या मध्यावर मोबाइलच्या लक्स-मापकाने (उजेड मोजणाऱ्या ॲपने) आकडा घ्या, त्याला 25 ने गुणा. आला कँडेला, अंदाजे का होईना.

टॉर्चच्या सेलवर छापलेला '9900 एमएएच' हा आकडाही तसाच फसवा; एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. 18650 आकाराच्या चांगल्या सेलमध्ये 3500 च्या आसपासच मावतं. वजन करा: खरा 45 ते 50 ग्रॅम भरतो, बराच हलका निघाला तर परत करा.

मानशीजवळ, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराजवळ, पायाखालचं पाणी बघायला पसरट झोतच बरा. पावसात टॉर्च कमरेशी धरा. कपाळावरचा उजेड थेंबांवरून थेट डोळ्यांत येतो.

बेडूक आणि रानातल्या शिकारीला मात्र कायद्याने बंदी आहे, टॉर्च कुठलाही असो.