‘तीन मिळवा’ म्हणजे एन + ३ नव्हे

क्रमिका आणि श्रेढी यांतला फरक एका ओळीचा: ठरावीक क्रमाने मांडलेल्या संख्या ही क्रमिका (तिच्यातली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद), आणि लगतच्या पदांतला फरक कायम असेल तर ती अंकगणिती श्रेढी. दहावीच्या मुलांना एवढं येतंच. गाडी अडते ती पुढे.

आगकाड्यांचे चौकोन एकाला एक चिकटून मांडा, मधली काडी दोघांत एकच. एका चौकोनाला ४ काड्या, दोनांना ७, मग १०, १३. नियम काय? वर्ग एका सुरात सांगतो, ‘तीन मिळवा’. बरोबर. आता एनवं पद, म्हणजे कितव्याही क्रमांकाचं पद देणारं सूत्र, लिहा म्हटलं, की वहीत उतरतं: एन + ३.

ही चूक टिकते, कारण ती पडताळ्यातून सुटते. एन = १ ठेवलं, १ + ३ = ४, जमलं, पेन खाली. एन = २ ठेवून पाहिलं असतं तर ५ आले असते, हवे होते ७. पहिल्या पदावर घेतलेला पडताळा मी पडताळा मानत नाही. तिसऱ्या-चौथ्या पदावर घ्या.

तीन मिळवायचे ते मागच्या पदात. एन हे मागचं पद नाही, तो चौकोनाचा क्रमांक आहे. क्रमांक एकाने वाढला की काड्या तीनने वाढतात, म्हणजे हा तीनचा पाढा. ३, ६, ९, १२ च्या खाली ४, ७, १०, १३ लिहा: प्रत्येक ठिकाणी एक जास्त. म्हणून ३एन + १. तो एक डोळ्यांनाही दिसतो: डावीकडची पहिली उभी काडी बाजूला काढा, मग प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला तीनच काड्या येतात.

आधीच ए + (एन − १)डी हे सूत्र (ए म्हणजे पहिलं पद, डी म्हणजे लगतच्या पदांतला फरक) पाठ करून घेणं मला अजिबात पटत नाही. मुलांना आधी उड्या मोजू द्या. पहिल्यापासून शंभराव्या पदापर्यंत ९९ उड्या, प्रत्येक तीनची, म्हणून ४ + २९७ = ३०१. (एन − १) आलं ते इथून.

मागच्या पदावरून पुढे जाणारा नियम कमी प्रतीचा नाही. फक्त सुरुवात सांगितल्याशिवाय तो अपुरा: ‘तीन मिळवा’ ५, ८, ११ लाही लागू पडतं. आणि १, १, २, ३, ५, ८ मध्ये तर मी तोच वापरीन. मागच्या दोघांची बेरीज, की पुढचं पद हातात.