लघुग्रहाला नाव आणि चंद्रावरच्या विवराला नाव

कुणा भारतीयाचं नाव लघुग्रहाला मिळालं की आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपवर 'नासाने चंद्रावर नाव कोरलं' असा मजकूर फिरायला लागतो. नाव नासा देत नाही. लघुग्रह असो की विवर, शिक्कामोर्तब आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं. तारा विकत घेतल्याचं प्रमाणपत्र तर यात कुठेच बसत नाही. ते पैसे वाचवा.

लघुग्रहाची रीत बऱ्याच जणांना माहीत असते. कक्षा पक्की झाली की क्रमांक पडतो आणि शोध लावणाऱ्याला नाव सुचवायला दहा वर्षं मिळतात.

घोळ होतो तो माणूस हयात आहे की नाही, यावर. लघुग्रहाला हयात माणसाचं नाव चालतं. उल्कांचे अभ्यासक अश्विन शेखर यांचं नाव २०२३ मध्ये ३३९२८ क्रमांकाच्या लघुग्रहाला मिळालं. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद आणि गायक पंडित जसराज यांनाही हा मान हयातीतच लाभला. तेव्हा लघुग्रहावर नाव आहे एवढ्यावरून कुणालाही 'थोर अवकाशशास्त्रज्ञ' म्हणू नका. राजकीय आणि लष्करी व्यक्तींसाठी मात्र मृत्यूनंतर १०० वर्षं थांबावं लागतं.

विवराचं तसं नाही. माणूस जाऊन किमान तीन वर्षं झाल्याशिवाय प्रस्तावच करता येत नाही. आयनांबराचे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचे अभ्यासक शिशिरकुमार मित्र १९६३ मध्ये गेले, होमी भाभा १९६६ मध्ये. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला दोघांच्या नावाची विवरं १९७० मध्ये नक्की झाली. अपवाद आहेत: आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स यांची नावं त्याच वर्षी, ते हयात असताना, अपोलो ११ च्या उतरण्याच्या जागेजवळच्या छोट्या विवरांना दिली गेली. पण सत्कारमूर्ती समोर खुर्चीत बसलेले आणि मागच्या फ्लेक्सवर 'चंद्रावर सरांचं नाव', हे पाहिलं की राग येतो. इतकी साधी गोष्ट छापण्याआधी तपासता येते.

माझ्या लेखी विवराचा मान मोठा. नावं मिळालेले लघुग्रह वीस हजारांवर गेलेत. विवराला नाव देताना मात्र संशोधकांना नकाशात त्या जागेचं नाव खरंच लागणार आहे का, हे आधी बघतात.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यांच्या नावाचं विवर व्हावं असं मला मनापासून वाटतं. नियमाप्रमाणे मे २०२८ पर्यंत त्याचा प्रस्ताव जाऊ शकत नाही, आणि त्यानंतरही कुणा संशोधकाच्या अभ्यासात नावाची गरज असलेलं विवर यावं लागेल.