बकलिंगनंतर काय होते? आकार बदलणाऱ्या लवचीक रचनांची पार्श्वभूमी

उभ्या बारीक सळईवर वरून भार वाढवत नेला की एका ठरावीक भाराला ती सरळ राहणे सोडते आणि बाजूला बाक घेते. यालाच बकलिंग म्हणतात. डच शास्त्रज्ञ पीटर व्हान मुसेनब्रूकने १७२९ मध्ये काठ्या दाबून पाहिल्या आणि लांबी दुप्पट केली की पेलणारा भार चौथाईवर येतो, असे नोंदवले. १७४४ मध्ये गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने तेच गणिताने सिद्ध केले. हा भार पदार्थाच्या ताकदीवर अवलंबून नसतो, तो ठरतो ताठरपणा आणि आकारमान यांवर. म्हणूनच रबराची पट्टी शंभर वेळा बाक घेऊन शंभर वेळा सरळ होऊ शकते.

‘बाक कधी येतो’ हे असे लवकर कळले. ‘बाक आल्यावर पुढे काय’ याचे उत्तर मात्र आणखी दोनशे वर्षांनी मिळाले, आणि आजच्या आकार बदलणाऱ्या रचना त्याच दुसऱ्या उत्तरावर उभ्या आहेत.

उशीर होण्याचे कारण उघड होते. पूल आणि इमारती बांधणाऱ्यांच्या लेखी बाक म्हणजे शेवट. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातला बांधकाम चालू असलेला क्युबेक पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. खालच्या बाजूचे दाबाखालचे भाग जोडणाऱ्या जाळीपट्ट्या कमकुवत होत्या. त्या भागांत बाक वाढतो आहे हे आधी मोजलेही गेले होते, तरी काम थांबले नाही. अशा अनुभवानंतर बकलिंगच्या पलीकडचा टप्पा अभ्यासण्यात कोणाला रस असणार?

रस निर्माण झाला तो विमानांमुळे. पातळ सिलिंडर उभा दाबला तर त्याने किती ताण सोसावा याचे सूत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तयार होते: मोड्युलस (पदार्थाच्या ताठरपणाचे माप) गुणिले जाडी, भागिले त्रिज्या, आणि त्याच्या सुमारे ०.६ पट. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र सिलिंडर याच्या कितीतरी आधीच चेपायचे. थिओडोर फॉन कार्मान आणि च्येन श्वेसन यांनी १९३९ ते १९४१ च्या दरम्यान दाखवले की बाक सुरू झाल्यावर अशा कवचाची, म्हणजे पातळ वक्र भिंतीची, भार पेलण्याची क्षमता एकदम घसरते. पुढची पायरी चढला वॉर्नर कॉयटर. १९४५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला सादर केलेल्या प्रबंधात त्याने बकलिंगनंतरचे वर्तन वेगवेगळ्या प्रकारांत मांडले. सळई किंवा सपाट पत्रा बाक घेऊनही भार धरून ठेवतो. गोल कवच धरत नाही, आणि त्याच्या पृष्ठभागावरची जाडीच्या काही अंशाएवढी वाकडीतिकडी जागासुद्धा त्याचा भार खूप खाली आणते. प्रबंध डच भाषेत असल्याने तो जगभर पोचायला दोन दशके लागली. नासाने त्याचे इंग्रजी भाषांतर १९६७ मध्ये काढले. दरम्यान नासाने अनुभवावरून कपातीचा नियम ठरवला होता. त्यानुसार त्रिज्या जाडीच्या हजारपट असेल, तर सूत्रातल्या भाराच्या फक्त २२ टक्के धरायचे.

या सगळ्या काळात एक छोटा भाग बकलिंगवरच काम करत होता. तो म्हणजे बायमेटलची चकती. तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावणारे दोन धातू जोडून उथळ बशीसारखी चकती दाबतात. तापमान वाढत जाते तसा आतला ताण साठत जातो आणि एका तापमानाला चकती खटकन उलटी होते. सरळ बायमेटल पट्टी हळूहळू वाकते. तिने विजेचे संपर्क उघडले तर ते सावकाश दूर होतात, मध्ये ठिणगी टिकते आणि संपर्क जळून खड्डे पडतात. चकती ते एका झटक्यात तोडते. शिवाय ती परत पलटते ती बऱ्याच खालच्या तापमानाला, त्यामुळे स्विच सारखा चालू-बंद होत नाही. गिझरमधल्या कटआउटमध्ये हीच चकती असते. टिमोशेन्कोने १९२५ मध्ये पट्टीचे आणि विट्रिकने १९५३ मध्ये चकतीचे गणित मांडले.

दृष्टी बदलली ती १९९० नंतरच्या दशकांत. १९९८ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने तापवून फुगवलेल्या सिलिकॉन रबरावर सोन्याचा ५० नॅनोमीटरचा थर दिला. रबर थंड होऊन आकसले तेव्हा थराला २० ते ५० मायक्रोमीटर अंतराच्या नियमित सुरकुत्या पडल्या. २००५ मध्ये एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅप या वनस्पतीचे पान सुमारे ०.१ सेकंदात मिटते, कारण पेशींतल्या पाण्याची संथ हालचाल पानाला पलटण्याच्या काठापर्यंत नेते आणि उरलेले काम साठलेली लवचीक ऊर्जा करते. २००७ मध्ये मॅंचेस्टर आणि एमआयटीच्या संशोधकांनी चौकोनी मांडणीत गोल भोके असलेला रबराचा तुकडा दाबला: काही टक्के दाबावर सगळी भोके एकदम लंबगोल झाली, एक आडवे, एक उभे. भार काढल्यावर पुन्हा गोल. २०१२ मध्ये कातिया बर्टोल्डी आणि पेद्रो रीस यांच्या गटांनी याच तत्त्वावर खळगे असलेला रबरी गोळा केला. आतली हवा ओढली की तो आकार राखून लहान होतो. कॉयटरने शत्रू ठरवलेला दोषही कामाला लागला. २०१६ मध्ये गोलाकार साच्यावर द्रव सिलिकॉन ओतून एकसारख्या जाडीची कवचे केली गेली आणि त्यांत मोजून मापून खळगा ठेवला गेला. खळग्याची खोली जाडीच्या पुढे गेली की भार आणखी घटत नाही, खालच्या पातळीवर स्थिरावतो.

प्रत्यक्ष बनवायला, उदाहरणार्थ थ्रीडी प्रिंटरवर छापायला, सगळ्यांत सोपी रचना म्हणजे दोन्ही टोके पक्की असलेली वक्र पट्टी. मधोमध दाबली की ती दुसऱ्या बाजूला पलटते. चू, लॅंग आणि स्लोकम यांनी २००४ मध्ये तिचे गणित दिले. वक्राची उंची जाडीच्या २.३१ पटीहून जास्त असेल तरच पट्टी दुसऱ्या बाजूला टिकते. अटही आहे: पट्टी पलटताना मध्यबिंदू फिरता कामा नये. म्हणून दोन समांतर पट्ट्या मधोमध जोडतात. ६० मिमी लांब, १ मिमी जाड आणि ५ मिमी उंच वक्र घेतला, तर गुणोत्तर ५ येते आणि पदार्थातली विकृती (ताणले-दाबले जाण्याचे प्रमाण) सुमारे २.७ टक्के. पीएलए या कडक प्लास्टिकला ती झेपत नाही, टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकला सहज झेपते.

बिघाड बहुतेक तीन ठिकाणी होतो. प्रिंटरच्या ०.४ मिमीच्या नोझलने (प्लास्टिक बाहेर सोडणाऱ्या तोंडाने) १ मिमीची भिंत नीट येत नाही, ती १.२ झाली तर पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाने, म्हणजे १.७ पटींनी वाढतो. दुसरे, बाजूच्या भिंती लवचीक असल्या की पलटताना त्या बाहेर सरकतात, दाब निघून जातो आणि पट्टी परत मूळ जागी येते. चौकट पट्टीपेक्षा कितीतरी जाड हवी. तिसरे टीपीयू आणि सिलिकॉनचे: पट्टी बरेच दिवस पलटलेल्या स्थितीत राहिली की पदार्थ शिथिल होतो, साठलेली ऊर्जा कमी होते आणि परत येण्याचा झटका मंदावतो. म्हणून असे भाग साठवताना ओतलेल्या किंवा छापलेल्या मूळ आकारातच ठेवतात.