मार्शल लॉ, गिरणी आणि सेटलमेंट : १९३०च्या सोलापूरची पार्श्वभूमी

धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना मार्शल लॉने, म्हणजे लष्करी अंमलाने, फासावर चढवले, असे सोलापुरात सर्रास बोलले जाते. ते बरोबर नाही. लष्करी अंमल ३० जून १९३० रोजी उठला होता. फाशी झाली १२ जानेवारी १९३१ला, येरवड्यात, आणि तीही नेहमीच्या फौजदारी कोर्टाच्या निकालावरून.

मुळात सोलापुरातल्या गरिबांवरचा धाक १९३०च्या मे महिन्यात, मार्शल लॉबरोबर सुरू झाला नव्हता. १८७७ साली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी निघाली, मागोमाग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या, आणि दुष्काळी तालुक्यांतली पोरे भोंग्याच्या तालावर जगू लागली. १९२२च्या कायद्याने १२ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायला बंदी केली. १२ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला ६ तास, मोठ्यांना ११. बदली कामगाराने पहाटे गेटावर उभे राहायचे; कायमचा माणूस आला नाही तरच काम, आणि ते कुणाला द्यायचे हे जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, ठरवणार. त्याचा हात ओला केल्याशिवाय नंबर लागत नसे. पगार महिना उलटून मिळे, तोवर चूल उधारीवर चाले.

सेटलमेंटमधल्या तरुणाची गत आणखी वाईट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या अख्ख्या जमातींना या वस्तीत तारेच्या कुंपणात ठेवलेले. बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास. पास नसताना सापडला की शिक्षा, चोरी केली नसली तरी. याच वस्तीतून गिरण्यांना मजूर मिळत. हा कायदा १९५२ साली गेला. वस्तीला ‘सेटलमेंट’ मात्र आजही म्हणतात.

५ मे १९३०ला गांधीजींना अटक झाली आणि शहर बंद पडले. ८ मे रोजी जमाव रूपाभवानी मंदिराकडे शिंदीची (ज्यांच्या रसाची दारू होते ती) झाडे तोडायला गेला. पोलिसांनी धरपकड केली, दगडफेक झाली, गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण गेला. मग जमाव उलटला : मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटली, दोन पोलीस मारले गेले, कोर्टही जाळले. पोलीस मागे हटले तेव्हा काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था पाहिली. ‘सोलापूरचे स्वातंत्र्याचे तीन दिवस’ म्हणतात ते हेच, ९ ते ११ मे.

१२ मेला लष्कराने ताबा घेतला. मार्शल लॉचा वटहुकूम त्यानंतर आला, म्हणजे आधी सत्ता चालवली आणि कागद मागून केला. गांधी टोपी घालणे, तिरंगा बाळगणे हे गुन्हे ठरले. झटपट कोर्टांतून सक्तमजुरी आणि दंड होई. गिरणीतल्या पोराला दंड भरणे कुठून परवडणार? त्याला तुरुंगच. या शिक्षांना मुंबई हायकोर्टात आव्हान दिले गेले, पण कोर्टाने त्या वेळी मार्शल लॉची गरज होती असे मानले.

मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्यावरचा खटला वेगळा, दोन पोलिसांच्या खुनाचा. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ या पत्राचे संपादक, वय जेमतेम विशीतले. अपिले फेटाळली गेली. फाशी झाली तेव्हा टोपीवरची बंदी उठून सहा महिने होऊन गेले होते.