लाकडाला घरातलं कुठलंही तेल चालतं का?

"टेबलाला पॉलिश कशाला? घरातलं कुठलंही तेल चोळा, लाकडाला पोषण मिळतं," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तेलाचा हात फिरताच सागवान खुलतं, त्यामुळे तो पटतोही.

पण कापलेल्या लाकडाला पोषण लागत नाही. तेल नुसतं रंध्रांत मुरतं. खरा प्रश्न असा, की ते तिथे वाळतं का? आपल्या विदर्भातल्या जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. खोबरेल, शेंगदाणा तसं करत नाहीत. नागपूरच्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं खरं, पण ते वाळणं नव्हे; मे महिन्यात पुन्हा पातळच. टेबलावर ते चिकट राहतं, धूळ धरतं, पुढे खवट वास येतो.

घरीच बघा. काचेवर जवस आणि शेंगदाण्याच्या तेलाचे अगदी पातळ थर द्या आणि हवेशीर जागी ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी बोट फिरवा.

तरी जेवणाच्या टेबलाला नुसतं जवस पुरत नाही. पाण्याला ते फारसं टिकत नाही, तर्री सांडली की संपलंच. लाकडाचा स्पर्श हवा असेल तर मी हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे वाळणारं तेल आणि मेण यांचं मिश्रण, घेईन. पोरं रोज सांडासांड करत असतील तर मॅट पॉलियुरेथेन, म्हणजे लाकडावर प्लास्टिकसारखा थर देणारं बिनचकाकीचं वॉर्निश. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा.