फाइल बदलली, अनेकवचन हरवलं

अ‍ॅपच्या पडद्यावर दिसणारी वाक्यं सहसा प्रोग्रामच्या आत लिहिलेली नसतात. ती वेगळ्या फाइलमध्ये असतात, प्रत्येक वाक्याला एक 'की', म्हणजे ओळखीचं नाव, दिलेली असते, आणि फोनची भाषा पाहून अ‍ॅप हवं ते वाक्य उचलतं. अँड्रॉइड ही वाक्यं एक्सएमएल या, कंसातल्या खुणांनी मजकूर बांधणाऱ्या स्वरूपात ठेवतं. आयफोनसाठी अनेक वर्षं साधी 'स्ट्रिंग्ज' फाइल चालली. 2023 मध्ये अ‍ॅपलने जेसनवर (नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी माहिती लिहिण्याच्या स्वरूपावर) आधारलेला 'स्ट्रिंग कॅटलॉग' आणला. एकच भाषांतर दोन्हीकडे वापरायचं तर रूपांतर करावंच लागतं.

ते 'शोधा आणि बदला' करून उरकायचा मोह होतो. एक्सएमएलमध्ये & हे चिन्ह नुसतं लिहून चालत नाही; पण ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण अ‍ॅप तयारच होत नाही आणि ती लगेच सापडते. जागा राखणाऱ्या खुणांचं तसं नाही. नाव भरायच्या जागी अँड्रॉइडमध्ये टक्केचिन्हापुढे एस हे अक्षर असतं, आयफोनमध्ये %@. पहिली खूण आयफोनच्या फाइलमध्ये तशीच राहिली, तर प्रोग्राम तिथे भलत्याच प्रकारची माहिती वाचायला जातो. मग नावाऐवजी कचरा उमटतो, नाहीतर अ‍ॅप बंद पडतं, तेही तो पडदा कुणी उघडल्यावरच.

खरी कसोटी अनेकवचनाची. युनिकोडच्या 'सीएलडीआर' या भाषाविषयक माहितीसंग्रहात संख्येनुसार बदलणाऱ्या रूपांचे सहा वर्ग आहेत. अरबीला सहाही लागतात, जपानीचं एकावर भागतं. रशियनमध्ये 1, 21, 31 एका वर्गात. 2 ते 4 आणि 22 ते 24 दुसऱ्यात. 5 ते 20 तिसऱ्यात. म्हणजे 21 फाइलींसाठी 'एक'वालं वाक्य निवडलं जातं! त्या वाक्यात आकड्याची खूण न ठेवता थेट 1 लिहिला असेल, तर 21 फाइली असलेल्या माणसाला एकच दिसेल. अँड्रॉइडमध्ये हे वर्ग त्याच एक्सएमएलमध्ये बसतात. आयफोनच्या जुन्या पद्धतीत त्यांना वेगळी फाइल लागते. रूपांतर करणाऱ्याने फक्त 'की आणि वाक्य' अशी सपाट जोडी धरली, तर बाकीची रूपं मुकाट गळतात.

भाषांतरकारासाठी लिहिलेल्या टिपणांचंही तेच. साध्या जेसनमध्ये टिपणांसाठी जागाच नसते. या कामासाठीच बनलेल्या 'एक्सलिफ' या प्रमाणित स्वरूपात ती आहे, म्हणून मध्यस्थ फाइल म्हणून मी तेच निवडेन. मग रूपांतरित फाइल पुन्हा मूळ स्वरूपात आणून दोन्ही ताडून पाहायच्या: काय गळलं ते तिथे दिसतं.