प्रत्यावाहन-सराव

प्रत्यावाहन-सराव : शिकलेला मजकूर समोर न ठेवता तो आठवून सांगणे किंवा लिहिणे, आणि काही काळाने पुन्हा तसेच करणे. पुन्हा वाचलेल्या मजकुरापेक्षा असा आठवून पाहिलेला मजकूर अधिक काळ टिकतो, या निष्कर्षाला मानसशास्त्रात चाचणी-परिणाम म्हणतात. दोन्ही संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात; काटेकोरपणे पाहिल्यास पहिली कृती आहे आणि दुसरी त्या कृतीचे फळ. डन्लॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाची दहा तंत्रे तपासली. त्यांपैकी फक्त दोन वरच्या श्रेणीची ठरली : हे तंत्र आणि अंतर राखून केलेली उजळणी. मजकुराखाली रेघा ओढणे व पुनर्वाचन खालच्या श्रेणीत गेले.

उगम : वारंवार आठवण्याने स्मृती बळावते, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. फ्रान्सिस बेकनने (१६२०) अधिक नेमके लिहिले : मजकूर वीस वेळा वाचण्यापेक्षा दहा वेळा वाचून मध्येमध्ये म्हणून पाहावा, अडेल तेथे पुस्तक उघडावे. ही मार्मिक निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. पहिल्या प्रयोगाचा मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. काही जण धागा हेर्मान एबिंगहाउसपर्यंत (१८८५) नेतात. परंतु त्याने स्वतःवर केलेल्या प्रयोगांचा विषय विस्मरण आणि पुन्हा शिकताना होणारी श्रमांची बचत हा होता, त्यामुळे हा धागा ताणलेला वाटतो. एड्विना ॲबट (१९०९) हिचे नाव सामान्यतः प्रथम घेतले जाते. आर्थर गेट्सने (१९१७) शाळकरी मुलांवर प्रयोग करून वाचनाला व आठवून म्हणण्याला किती वेळ द्यावा हे मोजले. म्हणण्याचा वाटा मोठा ठेवणे फायद्याचे ठरले.

महाविद्यालयापुरते बोलायचे तर हॅरल्ड जोन्सचा पहिलेपणाचा दावा अधिक सबळ दिसतो, जरी त्याचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो. व्याख्यान संपताच घेतलेल्या लहान चाचणीचा पुढील स्मरणावर काय परिणाम होतो, हे त्याने प्रत्यक्ष महाविद्यालयीन वर्गात तपासले. हे काम कोठे १९२३, तर कोठे १९२३–२४ असे नोंदलेले आढळते. हर्बर्ट स्पिट्झरने (१९३९) आयोवातील सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांवर केलेला प्रयोग त्यानंतरचा. पुढे विषय मागे पडला. परीक्षा म्हणजे केवळ मोजमाप, हा समज बहुधा त्याच्या मुळाशी असावा. मापनाचे साधन मापल्या जाणाऱ्या वस्तूलाच बदलते, हे परीक्षकांच्या सोयीचे नव्हते. एंडेल टल्विंगचा १९६७ चा प्रयोग हा मधल्या काळातील महत्त्वाचा अपवाद.

आधुनिक प्रयोग : हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके (२००६) यांनी विद्यार्थ्यांना गद्य उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते (सुमारे ८३ टक्के, दुसरा गट ७१). आठवड्यानंतर क्रम उलटला : वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, आठवणारे ६१ वर राहिले. विद्यार्थ्यांची दिशाभूल कशी होते, ते याच उलट्या क्रमात दिसते. नुकतेच वाचलेले ओळखीचे वाटते आणि ओळखीचे ते आलेलेच, असे मन धरून चालते. २००९ मध्ये १७७ विद्यार्थ्यांना त्यांच्या सवयी विचारल्या असता सुमारे ८४ टक्क्यांनी पुनर्वाचन सांगितले. स्वतःला तपासून पाहणारे ११ टक्केच निघाले.

कारणमीमांसा : रॉबर्ट बयॉर्कच्या मते आठवताना पडणारे श्रमच स्मृतिचिन्ह दृढ करतात; म्हणून थोडे विसरल्यावर आठवणे अधिक लाभदायक. दुसरे मत असे की, आठवताना संबंधित अर्थांचे जाळे जागे होते व पुढे अनेक वाटांनी मजकूर सापडतो. तिसऱ्या मतानुसार प्रत्येक प्रत्यावाहनात मूळ संदर्भाला नवा संदर्भ जोडला जातो. पहिले मत वर्गात वापरायला सोपे, पण ‘श्रम’ मोजायचे कसे हे ते सांगत नाही. तिसरे त्या मानाने अधिक तपासण्याजोगे आहे.

गुंतागुंतीच्या मजकुरात परिणाम क्षीण होतो किंवा नाहीसा होतो, असे तामारा वान गॉग व जॉन स्वेलर या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मांडले. कार्पिके व ऑ यांनी त्याच वर्षी प्रत्युत्तर देताना, सलग गद्यावरील जुने प्रयोग त्यात वगळले गेल्याचे दाखवले. प्रत्युत्तराची बाजू वजनदार दिसते. तथापि अनेक पायऱ्यांची गणिते सोडवण्यात, विशेषतः नवशिक्यांना, सोडवलेली उदाहरणे आधी अभ्यासणे अधिक उपयोगी पडते, हा स्वेलरपंथीयांचा मुद्दा त्या प्रत्युत्तराने खोडला जात नाही.

अध्यापनात : तासाच्या आरंभी मागील भागावर दोन-तीन कमी गुणांचे प्रश्न, तासाअखेर वही मिटून लिहिलेला परिच्छेद, सत्रान्त परीक्षेत पूर्वीच्या घटकांचाही समावेश ही नेहमीची रूपे. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचा पर्यायच स्मरणात राहण्याचा धोका असतो. उत्तर लगेच वा थोड्या वेळाने सांगितल्यास तो बराच टळतो. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील एका मोठ्या वर्गात रोजच्या छोट्या चाचण्यांनंतर गुण वाढले आणि वरच्या व खालच्या आर्थिक स्तरांतील विद्यार्थ्यांमधील तफावतही घटली (२०१३). हार्व्हर्डमध्ये एरिक माझुरने १९९१ पासून वापरलेली सहाध्यायी-चर्चेची पद्धत याच्या जवळची आहे. मात्र तिचा भर स्मरणापेक्षा संकल्पनेवर असल्याने ती वेगळी गणणे इष्ट. प्रयोगांपैकी पुष्कळसे मानसशास्त्र व विज्ञान यांच्या वर्गांतील आहेत.